रत्नम्माच्या फोटोवरचा हार

लातूर, ४ जून २०१९

उज्वला,

फोन तू उचलत न्हाईस. दुसऱ्याच्या नंबरवरून केला तरी आवाज ओळखून कट करतीस. म्हणून पत्र. फोन कापता येतो. पत्र फाडायच्या आधी दोन ओळी तरी नजरेखालून जातातच, आन् तू मास्तरीण, लिहिलेलं काही दिसलं की तुला वाचल्याबिगर राहवत न्हाई.

काल नांदेडला येऊन गेले. तुझ्या दारात न्हाई आले, घाबरू नको. शेजारच्या सुमनबाईला नातीसाठी क्लास बघायचा होता, तिला सोबत म्हणून गेले. रिक्षावाला म्हणला, "क्लासची गल्ली का? उतरा इथंच, पुढं नुसती तोंडंच तोंडं हायत." खरंच होतं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पोरांचे फोटो, खाली मार्क, अंगावर पांढरे कोट. डॉक्टर व्हायच्या आधीच कोट चढवलेले. एकच पोरगं दोन वेगवेगळ्या क्लासच्या फ्लेक्सवर हसत होतं, आन् दोन्ही क्लास म्हणतात आमचंच.

आन् चौकात, सगळ्याच्या वर, तुझा फ्लेक्स. 'मातोश्री रत्नम्मा सायन्स अकॅडमी.' एका कोपऱ्यात तू, एका कोपऱ्यात जावई यज्ञेश, आन् मधोमध तो फोटो. बाई दारात बसलेली, पदर डोक्यावरून सरकलेला, नजर जरा खाली. 'कै. रत्नम्मा. या डोळ्यांनी आम्हाला घडवलं.' गळ्यात हा एवढा झेंडूचा हार छापलेला.

सुमनबाई मान वर करून बघतच राहिली. म्हणली, "काय माय हाय बघा! अगदी लेकराकडं बघून राहिली असं वाटतंय." मग माझ्याकडं बघितलं, मग परत वर. "तुमच्यावानी दिसती हो जराशी."

मी म्हणले, "सख्खी बहीण होती माझी. दिसणारच की."

तुझ्याकडं एकच मागणं हाय. फोटो राहू दे, नाव राहू दे, फक्त हार काढ. फ्लेक्सवरचाही काढ, आन् तुझ्या ऑफिसच्या भिंतीवर मूळ फोटो लावलास, त्याच्या गळ्यातला चंदनाचाही काढ.

कामून ते विचारू नको. माझ्या पोटात गाठ निघाली हाय. डॉक्टर म्हणतो पिशवी काढावी लागंल, गाठ कसली ते काढल्यावरच कळंल. जुलैत ऑपरेशन हाय. त्याच्या आधी तो हार निघाला पाहिजे. जीव टांगून राहिला हाय माझा. हसायचं तर हस, अडाणी म्हण, पण हार काढ.

मावशी
(दुसरं काही म्हणायला तू कधी जागा ठेवली न्हाईस.)

*

लातूर, १५ जून २०१९

उज्वला,

जावयाचं उत्तर मिळालं. अकॅडमीच्या छापील कागदावर, खाली शिक्का. मावशीला पत्र लिहायला शिक्का लागतो होय रे बाबा! "आदरणीय मावशी, सदर छायाचित्र ही आमच्या संस्थेची ओळख आहे." बरं. यज्ञेश सज्जन हाय, लहानपणापासून शाळामास्तरांच्या घरात वाढलेला, त्याला भांडायचं तरी अर्जातच भांडता येतं.

पण त्याच्या खाली तुझ्या हातच्या ओळी होत्या. त्या तुलाच परत वाचून दाखवते:

"आई गेली आणि तुम्ही तिची जागा घेतलीत. आता तिच्या गळ्यातला हारसुद्धा तुम्हाला बघवत नाही? आईचा हा एकच फोटो आहे माझ्याकडे. बाकी सगळं खोटं असेल, हा फोटो खरा आहे. यात ती माझ्याकडे बघते. आयुष्यात माझ्याकडे असं कुणीच बघितलं नाही. तुम्ही तर नाहीच."

ही शेवटची ओळ वाचून मला हसू आलं. इतकं हसू आलं की सुमनबाई भिंतीपलीकडून विचारायला आली, काय झालं म्हणून.

न्हाई बघितलं मी तुझ्याकडं तसं. मारलं तुला. पट्टीनं मारलं, लाटण्यानं मारलं. भूकंपात गाव पडल्यावर आपण लातूरला आलो तवा गल्लीगल्लीत क्लास निघत होते. शेतकऱ्यांची पोरं दिवस उगवायच्या आधी सायकलीवरून ट्यूशनला पळायची. तुझे अप्पा म्हणाले, "पोरीच्या जातीला कशाला येवढा त्रास?" मी म्हणले, जाईल, आन् पहिल्या बाकावर बसंल. तू उठायची न्हाईस, मी तोंडावर तांब्या रिकामा करायची. गणितात मार्क कमी पडले म्हणून तुला उन्हात उभी केली ते अख्ख्या गल्लीनं बघितलं. पस्तावा न्हाई. आज फ्लेक्सवर हायस ती त्या उन्हामुळंच हायस. डोळ्यांनी कुणी घडत न्हाई, बाई.

मार खाल्ला की तू जायचीस कुठं? फोटोपुढं. जिन्याखालच्या खोलीत, देवाच्या बाजूला. "आई, मावशीनं मारलं. आई, मावशीनं मला भाकरी दिली न्हाई. आई, मावशी मरू दे." मी इकडं तव्यावर भाकर टाकत सगळं ऐकायची. भाकर मी देत होते, तूच रुसून ताट सरकवायचीस, पण फोटोला ते सांगायची न्हाईस. बारीक होतीस तवापासून खोटी गाऱ्हाणी करायची सवय तुला.

आन् तुझं लग्न? कन्यादानाला अप्पांच्या शेजारच्या पाटावर तू फोटो ठेवलास. माणसं बघत होती. मी हिरवी साडी नेसून, पाटाकडं दोन पावलं टाकून थांबलेली. तू म्हणलीस, "मावशी, तुम्ही पाहुण्यांचं बघा." मी पाहुण्यांचं बघितलं. बुंदी संपली होती, ती आणवली. तुझे अप्पा त्या फोटोशेजारी मान खाली घालून बसले, माझ्याकडं एकदाही बघितलं न्हाई. त्यांना सगळं माहीत होतं. मला तुझ्यापेक्षा त्यांचा राग जास्ती आला, आन् तो अजून गेला न्हाई, माणूस गेला तरी.

ते गेले त्या दिवशी तू सगळ्यांदेखत म्हणलीस, "माझी आई असती तर अप्पा असे झुरून मेले नसते." मी तवाही गप्प बसले. तू तीन वर्षांची असताना त्यांनी तुझ्या डोक्यावर माझा हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती की पोरीला कधी सांगायचं न्हाई. तुझं काही वाईट होईल म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. पण शपथ घालणारा गेला, आन् आता मीही कापली जाणार हाय. मग कशाला ठेवू?

त्या फोटोत तुझी आई न्हाई, उजू. ती मी हाय.

शिवकन्या

*

लातूर, १६ जून २०१९

उज्वला,

कालचं पत्र पेटीत टाकल्यावर वाटलं, तू म्हणशील बाईचं डोकं फिरलं. म्हणून सगळं सांगून टाकते.

तुझ्या आईनं, माझ्या अक्कानं, गणपतीत तुला माझ्याकडं आणून सोडलं होतं, निलंग्याजवळ आमच्या माहेरी. तिकडं उडदाची रास करायची होती, तू पायात पायात करायचीस. तुझे अप्पा राखणीला रानात झोपलेले. म्हणून भूकंपातून तुम्ही दोघं वाचलात. घर दगड-मातीचं, भिंती हात हात रुंद. तुझी आजी पार्वतम्मा कंबर मोडून जिती निघाली. अक्का सापडली तवा आम्हाला कुणी तोंड बघू दिलं न्हाई. लग्नातला एकच फोटो होता ट्रंकेत, तो ट्रंकेसकट गेला.

मग सरकारनं पत्र्याच्या शेडी बांधून दिल्या. मी तुला घेऊन तिथं आले, तुझ्या आजीचं करायला आन् तुला सांभाळायला. एकोणीस वर्षांची होते, लग्न व्हायचं होतं. शेडीशेडीत मेलेल्यांचे फोटो लागायला लागले. ज्याच्या घरी फोटो न्हाई, त्याच्या घरचं मेलेलं माणूस बेवारशी असल्यावानी वाटायचं. निलंग्याचा फोटोवाला वीरण्णा सायकलीला कॅमेरा बांधून यायचा. त्याची एक रीत होती. फोटो नसंल तर मेलेल्याच्या रक्ताचं, तोंडावळा मिळणारं माणूस बसवायचं. बापाच्या जागी लेक, बहिणीच्या जागी बहीण. मेलेल्याचे कपडे असतील तर ते घालायचे, कुणाला मिशी, कुणाला तीळ तो मागनं पेन्सिलीनं काढायचा. अर्ध्या शेडींत जितीच माणसं मेलेली म्हणून भिंतीवर होती. सगळ्यांना माहीत, बोलायचं कुणी न्हाई. फक्त एक पथ्य पाळायचे: हार फोटोच्या गळ्यात घालायचा न्हाई, शेजारच्या खिळ्याला टांगायचा. जित्या माणसाच्या फोटोला हार घालू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं.

तू जेवत नव्हतीस. "आई कुठंय, आई कुठंय" करून शेड डोक्यावर घ्यायचीस. रात्री झोपेत माझा कान धरून बसायचीस, अक्काचा धरायचीस तसा. एकदा कुणीतरी तुला माझ्याकडून उचलायला गेलं, तू कान सोडला न्हाईस. कानातलं फूल ओरबाडून निघालं आन् पाळी चिरली ती चिरलीच. तो माझा डावा कान. मी तो कायम पदराखाली ठेवते, तू कधी विचारलं न्हाईस कशानं फाटला.

शेवटी पार्वतम्मा म्हणली, "हिला बसवा. पोरगी आईचा फोटो बघंल, गप होईल." मला विचारलं न्हाई कुणी. अक्काची एक साडी धुण्यात बाहेर राहिली होती, ती नेसवली. कुणाचं तरी मंगळसूत्र घातलं, कपाळभर कुंकू लावलं. लग्नाच्या आधी मी सवाष्ण झाले, आन् त्याच्याही आधी मेले. पत्र्याची शेड मागं बरी दिसंना म्हणून वीरण्णा आम्हाला पडक्या गावात घेऊन गेला. तिथं शेजारच्या लक्ष्मीबाईच्या घराची सागवानी चौकट तेवढी उभी होती. तिच्या उंबऱ्यावर मला बसवलं. तू क्लासच्या पोरांना सांगतीस ना, "हे आमच्या घराचं दार"? त्या दारामागं घर न्हाई. ढिगारा हाय, आन् तवा त्याच्याखालून लक्ष्मीबाईला काढलेलीही नव्हती. वास येत होता.

वीरण्णानं एक फोटो काढला. मी कॅमेऱ्याकडं सरळ बघून. दुसरा काढताना तू कॅमेऱ्याच्या शेजारी मातीत बसली होतीस आन् फुटक्या काचेचा तुकडा तोंडात घालायला निघालीस. माझी नजर तिकडं गेली, मान वळली, पदर सरकला. तेवढ्यात त्यानं बटण दाबलं.

दोन्ही फोटो धुऊन आणले. पार्वतम्मा सरळ बघणारा हातात घेऊन म्हणली, "ही तर मेल्यावानी दिसती." मेलेलीचाच फोटो पाहिजे होता, तरी म्हणली! दुसरा बघून मात्र रडायला लागली. "हीच माझी सून. असंच बघायची लेकराकडं." तुझे अप्पाही रडले. वीरण्णानं हनुवटीवर अक्काचा तीळ काढला, फ्रेम केली. फोटो टांगला, हार खिळ्याला टांगायला गेले, तर तू पाय आपटायला लागलीस. "मी घालणार, आईला मी घालणार." आजीनं खाटेवरूनच सांगितलं, घालू द्या लेकराला. तुझ्या अप्पांनी तुला उचललं, आन् तू माझ्या गळ्यात हार घातलास. मी तिथंच उभी होते, हातात तुझं दूधभाताचं ताट घेऊन. तू त्या दिवशी जेवलीस.

महिनाभरानं पार्वतम्मा फोटोकडं बोट करून अप्पांना म्हणली, "दुसरी कशाला शोधायची? ही बसली की बरोबर." माझं लग्न त्या फोटोनं ठरवलं. त्याच्यापुढं मी दोनदा गरवार राहिले, दोनदा रिकामी झाले. मी कितीदा म्हणले, तो हार काढा. अप्पा म्हणायचे, पोरगी विचारंल. तर पोरीनं विचारू नये म्हणून हार राहिला, आन् माझी पोरं न्हाई राहिली.

आता गाठ हाय. विश्वास बसत नसंल तर कान बघ. फ्लेक्सवाल्यानं नीट केला नसंल तर चौकात तो ताटाएवढा दिसत असंल.

शिवकन्या

*

लातूर, १ जुलै २०१९

उजू,

काल तू आलीस. गाडीत यज्ञेशला बसवून ठेवलंस, वर एकटी आलीस. चहा विचारला, न्हाई म्हणलीस. बसलीही न्हाईस. तुला बघून वर्ष होऊन गेलं होतं. वाळलीस. ते सांगायचं होतं, पण तेवढ्यात तू पिशवीतून फोटो काढलास. हार नव्हता त्याच्यावर. एवढं बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तू माझा पदर बाजूला केलास. विचारलं न्हाईस, सरळ केलास, दवाखान्यात नर्स करती तसा. कान बघितलास, फोटो बघितलास. मग खिळे उचकटून फ्रेमची पाठ काढलीस, फोटो बाहेर घेतलास, बोट जिभेला लावून हनुवटीवर घासलंस. तीळ निघाला. तुझ्या बोटाला काळं लागलं, ते तू किती वेळ बघत होतीस. मला वाटलं आता रडशील. मी उठून जवळही आले होते.

तू म्हणलीस, "मग माझी आई कशी दिसायची?"

मी म्हणले, "आठवत न्हाई."

"तुमची सख्खी बहीण होती."

"होती. पण सव्वीस वर्षं भिंतीवर माझंच तोंड बघून राहिले. अक्काला आठवायला गेलं की तेच येतं डोळ्यांपुढं. नाक कसं होतं, हसताना काय व्हायचं, काही येत न्हाई. तीळ होता एवढं माहीत हाय."

खोटं बोलता आलं असतं. गोरी होती, मोठे डोळे होते, तुझ्यावानीच होती म्हणले असते तर तू ते घेऊन गेली असतीस. पण मी का म्हणून द्यावं? मला कुणी काय दिलं? तुझं तोंड पांढरं पडलं तवा माझ्या मनाला थंडावा वाटला. मी काही देवमाणूस न्हाई.

मग तू म्हणलीस, "भूकंपात ती एकदा मेली होती. तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला दुसऱ्यांदा मारलं."

मी म्हणले, "पहिल्यांदाचं तरी माझ्या नावावर लावलं न्हाईस, उपकार झाले."

तू फोटो पिशवीत घातलास आन् गेलीस. जिन्यावर थांबलीस. मला वाटलं परत येतीस. तू फक्त चपलेचा पट्टा लावत होतीस.

जे तोंडावर बोलले न्हाई ते लिहिते. आजपर्यंत कुणाकडं हात पसरला न्हाई, तुझ्याकडं पसरते. तू लिहिलं होतंस, असं माझ्याकडं आयुष्यात कुणी बघितलं न्हाई. अगं, बघितलं ना! ते मीच होते. तू काच खात होतीस आन् माझा जीव उडाला होता. अक्काची साडी खोटी, कुंकू खोटं, तीळ खोटा, दारामागचं घर खोटं. पण ती नजर कुणी मला बसवून दिली न्हाई. तू सव्वीस वर्षं ज्या डोळ्यांशी बोललीस ते माझे हायत. पुढं मला तसं बघायला तू ठेवलं न्हाईस, आन् मीही बघितलं न्हाई, तो भाग वेगळा. मला वाटलं होतं, तीळ पुसला गेला की तू माझ्याकडं वळून बघशील. एकदा आई म्हणशील. लई हावरी हाय मी.

नऊ तारखेला ऑपरेशन हाय. सुमनबाई बसंल बाहेर. तू आलीस तर तिला घरी पाठवीन.

तुझी वाट बघणारी

*

लातूर, २८ जुलै २०१९

उजू,

तू आली न्हाईस, सुमनबाईच बसली.

मी जगले. गाठ साधी निघाली. डॉक्टर म्हणला, "मावशी, अजून पुष्कळ वर्षं तुम्हाला काही होत नाही." अख्ख्या जगाची मी मावशीच. सुमनबाईनं पेढे वाटले. हार निघाला आन् गाठ साधी निघाली, बघ. यज्ञेशला सांग, त्याच्या सायन्समध्ये बसतंय का.

परवा सुमनबाईनं तिच्या मोबाईलवर तुमच्या अकॅडमीची नवी जाहिरात दाखवली. तिची नात तुमच्याकडंच घातली तिनं. मधोमध नवीन फोटो हाय. 'कै. रत्नम्मा.' खाली ओळ तीच, 'या डोळ्यांनी आम्हाला घडवलं.' सुमनबाई म्हणली, कॉम्प्युटरवर करून घेतला म्हणे, उज्वला मॅडमचा चेहरा घेऊन वय वाढवलं, नऊवारी घातली, नथ घातली. अक्कानं जन्मात नथ घातली न्हाई. पण बाई झकास हाय! गोरी, गोल तोंडाची, सुरकुती न्हाई, केस काळेभोर. मागं वाडा, तुळस, सगळं जागच्या जागी. बघती सरळ समोर. सगळ्यांकडं बघती आन् कुणाकडंच न्हाई.

सुमनबाईला विचारलं, कसा वाटला? ती म्हणली, "छान हाय. पण ती आधीची माय वाटायची. ही नुसती फोटो वाटती." सुमनबाईला लिहिता-वाचता येत न्हाई म्हणून तू तिचं ऐकणार न्हाईस. पण तुला माहीत हाय. मला माहीत हाय की तुला माहीत हाय. फोटो बघून आता तुझ्या पोटात काही हलत नसंल. न हललेलं तुला चालतं, पण माझं तोंड चालत न्हाई. जिती मावशी आई म्हणून घेण्यापेक्षा कुणीच नसलेली बाई आई म्हणून घेतलीस. मला वाटायचं, मारायला मी शिकवलं तुला. तू माझ्या लई पुढं गेलीस, बाई.

आन् काल पार्सल आलं, नांदेडच्या बसनं. आत तो फोटो. फ्रेम परत ठोकलेली, काच पुसलेली. हनुवटीवर तीळ न्हाई, नुसता डाग. वर चिठ्ठी चिकटवलेली, तुझं अक्षर: "तुमचा फोटो." बाकी काही न्हाई.

दिवसभर मी तो मांडीवर घेऊन बसले. पोरगी हाय त्यातली, एकोणीस वर्षांची. काय बघती गं लेकराकडं! मला स्वतःचाच हेवा वाटला. तुझ्या घरात ती मेलेली होती, पण तिथं होती. तू पहिला पगार तिच्यापुढं ठेवलास. परीक्षेला जाताना तिच्या पाया पडायचीस, मी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन दाराआडून बघायची आन् मनातल्या मनात आशीर्वाद द्यायची. तू पाया तर माझ्याच पडत होतीस ना! आता तेही गेलं. हार निघाला आन् मी जगले, पण कुणासाठी, ते डॉक्टरनं सांगितलं न्हाई. रिकाम्या घरात दोघी बसलोत, ही आन् मी. दोघींकडं बघायला कुणी न्हाई.

म्हणून फोटो परत पाठवते. कुणाला सांगू नको. यज्ञेशलाही सांगू नको. तीळ परत काढून घे, नांदेडला कुणीही काढून देईल. तो नवीन फोटो राहू दे चौकात, लोकांना बघायला. हा तुझ्या झोपायच्या खोलीत लाव, जिन्याखालच्या खोलीत होता तसा. तू इथं आली होतीस, मी काही बोलले होते, मला ऑपरेशन झालं होतं, सगळं विसर. शिवकन्या मावशी वाईट होती, तिनं तुझ्या आईची जागा खाल्ली, तेच खरं धर. माझी गाऱ्हाणी करायची असतील तर त्याच्यापुढं कर.

आन् उजू, हार घाल. तुझ्या हातानं घाल. चंदनाचा घाल, म्हंजे रोज बदलावा लागत न्हाई.